नवस, दत्तक आणि निदान

अहमदनगरच्या परिसरातील दर्गादायरा येथे शाहशरीफ नामक सत्पुरुषाचा दर्गा आहे, आणि मराठ्यांच्या इतिहासाचा एक धागा त्या दर्ग्यापाशी येऊन पोहोचतो. निजामशाहीच्या चाकरीत असलेले वेरूळचे मालोजीराजे भोसले आणि फलटणच्या निंबाळकर घराण्यातून आलेल्या त्यांच्या पत्नी उमाबाई यांना विवाहानंतर दीर्घकाळ संतती नव्हती. तेव्हा मालोजीराजांनी या पीराला नवस केला, यथाकाल दोन पुत्र झाले, आणि कृतज्ञतेपोटी त्यांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवण्यात आली, ही कथा लोकपरंपरेने जपलेली असून नेवासकर कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'तही तिला स्थान मिळाले आहे. यांपैकी शरीफजी इ. स. १६२४ मध्ये नगरनजीकच्या भातवडीच्या रणांगणावर कामास आले. शहाजीराजांच्या पोटी जन्मलेल्या पुत्राने पुढे काय केले, हे महाराष्ट्राला सांगण्याची आवश्यकता नाही.

या कथेतील चमत्काराविषयी ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मत बांधावे. परंतु तिच्यातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, ती ही की येथे नवस बोलण्यास स्वतः पती पुढे झाला आहे. संतती नसणे हे जितके पत्नीचे तितकेच आपलेही उणे आहे, असे मानून एक मातबर सरदार फकिराच्या दारी उभा राहतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. या जिल्ह्याच्या पुढील तीनशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले असता मात्र असे दिसते की पुरुष नवसाला हजर राहिला, वारसाच्या कज्जात हजर राहिला, दुसऱ्या लग्नाच्या बोहल्यावर हजर राहिला. वैद्याच्या तपासणीस मात्र तो क्वचितच हजर राहिला. ही अनुपस्थिती कशी घडली आणि ती कशी व किती संपली, हे पाहणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, इनाम आणि मिरास यांवर ज्या समाजाची घडी बसलेली होती, त्यात पुत्र हा केवळ वात्सल्याचा विषय नव्हता; तो दफ्तरात लागणारे पुढचे नाव होता. वतनदाराच्या पोटी वारस नसला की भाऊबंदांची नजर त्याच्या शेतावर आणि मानपानावर खिळे; सरकारला नजराणा भरून दत्तकाची मंजुरी आणि सनद मिळविण्याची खटपट सुरू होई; आणि त्या खटपटीपूर्वीचा उपाय म्हणून, पहिली पत्नी नांदती असताना, दुसरी घरात आणली जाई. शास्त्राने त्यास मोकळीक दिली होती, रूढीने तो मार्ग प्रशस्त केला होता, आणि पहिलीच्या वाट्याला उरत असे ते दुसरीच्या डोहाळजेवणात आणि बारशात मागे उभे राहणे. ओटी भरण्याच्या वेळी तिला कोणी पुढे बोलावीत नसे. वांझ हा शब्द तिच्यासाठी कायमचा होता. पुरुषाला लावलेला निपुत्रिक हा शब्द दत्तकविधान होताच पुसला जाई.

या व्यवस्थेचे अगदी जवळून दर्शन घडविणाऱ्या दोन हकीकती या जिल्ह्यातील एका सर्वपरिचित ग्रंथात आहेत. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांची कथा येते. गुंडांना तीन बायका होत्या आणि संतती नव्हती. साईबाबांच्या आशीर्वादाने त्यांना पुत्र झाला, आणि त्या आनंदाच्या भरात शिर्डीस उरूस भरविण्याची कल्पना त्यांच्या मनात आली. इ. स. १८९७ चा तो काळ. जत्रेसाठी नगरच्या कलेक्टराची परवानगी हवी होती. गावच्या कुलकर्ण्याने प्रतिकूल अभिप्राय दिला. तरीही खटपट करून परवानगी मिळविण्यात आली, आणि रामनवमीचा दिवस ठरला. आज ज्या उत्सवाला लक्षावधी माणसे लोटतात, त्या शिर्डीच्या रामनवमीच्या मुळाशी अशी एका महसुली अंमलदाराची अपत्यप्राप्तीबद्दलची कृतज्ञता आहे. त्या उत्सवाच्या मिरवणुकीत जे दोन ध्वज निघत, त्यांपैकी एक नगरचे व्यापारी दामूअण्णा रासने, म्हणजेच दामूअण्णा कासार, यांच्याकडून येई. आणि याच दामूअण्णांची दुसरी हकीकत. दोन विवाह होऊनही त्यांना मूल नव्हते, आणि पत्रिकेतील ग्रहांमुळे या जन्मी संतान नाही, असे ज्योतिष्यांनी त्यांना सांगून टाकले होते. बाबांनी त्यांच्यासाठी आठ आंबे राखून ठेविले, ते धाकट्या पत्नीस द्यावयास सांगितले, आणि पुढे तिला चार पुत्र व चार कन्या झाल्या, असे चरित्रकार नमूद करतात.

भक्तांनी या कथा भक्तीने सांगितल्या आणि भक्तीनेच त्या ऐकल्या जातात; त्यांतील व्यक्तींच्या देहाविषयी शंभर वर्षांनंतर निदान करीत बसणे हे अनुचित आणि अशक्यही आहे. तथापि त्यांतून तत्कालीन समाजाची विचारपद्धती स्वच्छ दिसते. तीन बायका करूनही घर रिकामेच राहते, तेव्हा ज्या एका व्यक्तीत बदल झालेला नाही तिच्याकडे दृष्टी वळावी, हे साध्या त्रैराशिकाचे उत्तर होते. पण ग्रहांकडे दृष्टी वळली, प्रारब्धाकडे वळली, चौथ्या स्थळाकडेही वळू शकली असती. त्या गृहस्थाच्या देहाकडे मात्र ती वळली नाही. त्यात त्या माणसांचा दोष नव्हता. ज्याने पाहावयाचे, आणि काय पाहावयाचे हे ज्याला ठाऊक आहे, असा मनुष्य त्या काळी तालुक्याच्या गावी नव्हता.

आपल्या प्राचीन वैद्यकाला पुरुषाच्या बाजूचा विसर पडलेला नव्हता, ही गोष्ट येथे आवर्जून नोंदविली पाहिजे. सुश्रुताने गर्भधारणेस ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज या चारांची आवश्यकता सांगितली. चरकाने शुक्राचे आठ दोष वर्णिले आणि क्लैब्याच्या चार प्रकारांत बीजोपघातास स्थान दिले. आणि अंडकोषाच्या वृद्धीचे सात प्रकार मांडून सुश्रुताने त्यांपैकी मूत्रज वृद्धीत शस्त्राने जल काढण्याचा विधीही सांगितला. नगर शहराला तर या विद्येचा विशेष वारसा आहे. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये येथे आयुर्वेद महाविद्यालयाची स्थापना केली, आणि 'औषधीगुणधर्मशास्त्र' हा त्यांचा ग्रंथ वैद्यांच्या पिढ्यांनी अभ्यासिला. परंतु ग्रंथातील ज्ञान आणि बाजारातील उपचार यांत अंतर पडले होते. निपुत्रिक पुरुष वैद्याकडे गेलाच तर तो शक्तीचे चूर्ण, पाक आणि भस्म मागण्यास जाई, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे पुरुषत्व शाबूत असले की बीजही शाबूत असलेच पाहिजे. ही समजूत हाच या विषयातील सर्वांत मोठा अडसर होय. संभोगसामर्थ्य आणि जननक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली संपूर्ण असताना दुसरी क्षीण असू शकते, आणि ती क्षीणता डोळ्यांना दिसत नाही.

ज्या विकाराला व्हेरिकोसील म्हणतात, तो या क्षीणतेच्या शोधून दुरुस्त करता येणाऱ्या कारणांत सर्वांत अधिक आढळणारा. वृषणातील रक्त परत नेणाऱ्या शिरांचे एक जाळे वृषणरज्जूत असते. त्या शिरांतील झडपा निकामी झाल्या की रक्त वर चढण्याऐवजी खाली साचते आणि शिरा फुगून नागमोडी होतात. शेकडा सुमारे १५ पुरुषांत हा विकार आढळतो, आणि मूल होत नाही म्हणून उपचारासाठी आलेल्या पुरुषांत हेच प्रमाण ३५ ते ४० पर्यंत जाते. तो बहुतेक डाव्या बाजूला असतो, कारण डाव्या वृषणाची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते, तर उजवी महाशिरेला तिरकस मिळते. निसर्गाने वृषण उदराबाहेर ठेविले ते त्यांना देहाच्या उष्म्यापेक्षा दोन ते चार अंश थंड राखण्यासाठी. साचलेले रक्त हा थंडावा नाहीसा करते, आणि शुक्रजंतूंची संख्या, गती व आकार या तिन्हींवर त्याचा परिणाम होऊ शकतो. होतोच असे नाही. व्हेरिकोसील असलेल्या बहुसंख्य पुरुषांना मुले होतात. ज्यांना होत नाहीत, त्यांच्या बाबतीत मात्र हे कारण शोधणे अगत्याचे ठरते.

युरोपातही हे ज्ञान सावकाश आले. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससने अशा फुगलेल्या शिरांचे वर्णन करून त्या बाजूचा वृषण पोषणाअभावी लहान होतो, हे नमूद केले होते. १६७७ मध्ये हॉलंडच्या लेवेनहूकने सूक्ष्मदर्शकातून शुक्रजंतू पाहिले. १९ व्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या कर्लिंगने व्हेरिकोसीलमुळे वृषणाची बीजनिर्मितीची शक्ती घटते, असे मत मांडिले. तरीसुद्धा दीर्घकाळ या विकारावर शस्त्रक्रिया होत ती वेदनेसाठी. संततीसाठी तिचा विचार करावा, ही कल्पना शल्यचिकित्सकांच्या मनात ठसली ती १९५२ मध्ये एडिंबरोच्या टलक यांनी एक वृत्तांत प्रसिद्ध केल्यानंतर. ज्याच्या वीर्यात एकही शुक्रजंतू आढळत नव्हता, अशा गृहस्थाच्या दोन्ही बाजूंच्या व्हेरिकोसीलवर त्यांनी शस्त्रक्रिया केली, त्यानंतर शुक्रजंतू दिसू लागले, आणि त्याच्या पत्नीस दिवस गेले.

या सालाकडे महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहिले असता एक विलक्षण योगायोग लक्षात येतो. १९४६ मध्ये मुंबई इलाख्याने हिंदूंच्या द्विभार्या विवाहास प्रतिबंध करणारा कायदा केला, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती बंदी देशभर लागू झाली. म्हणजे मूल नाही म्हणून दुसरी बायको करण्याचा शतकानुशतकांचा राजमार्ग ज्या दशकात नगर जिल्ह्यातील हिंदू पुरुषाला बंद झाला, त्याच दशकात त्याच्या स्वतःच्या देहातील दोष दुरुस्त होऊ शकतो, हे ज्ञान जगासमोर आले. कायद्याने एक दार लावले आणि शल्यशास्त्राने दुसरे उघडले. दुर्दैव इतकेच की दुसरे दार उघडल्याची दवंडी गावोगाव कोणी पिटली नाही.

ती पिटण्याचा प्रयत्न मराठीत एकाने केला होता, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक एकाकी निष्ठेने चालविले, आणि त्यात वाचकांच्या ज्या शंकांना उत्तरे दिली जात, त्या शंका मराठी पुरुष आपल्या सख्ख्या भावापाशीही बोलत नसत. त्या उत्तरांबद्दलच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात मांडण्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावरील प्रामाणिक प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हे, हे तत्त्व ज्या समाजात न्यायाधीशाला पटवावे लागत होते, त्या समाजात पाथर्डीच्या किंवा शेवगावच्या शेतकऱ्याने आपल्या अंडकोषाविषयी डॉक्टरला काही विचारावे, अशी अपेक्षा कशी करावी?

रुग्णालयाची वाटही प्रथम स्त्रीसाठीच बांधली गेली. नगरात १८३१ पासून कार्य करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने येथे स्त्रिया व मुले यांच्यासाठी रुग्णालय चालविले. पुढे मुक्तिफौजेच्या बूथ हॉस्पिटलने जिल्ह्याची मोठी सेवा केली. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला जो ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला, त्याने खेड्यातील, बहुतांशी निरक्षर स्त्रियांच्या हाती आरोग्याचे ज्ञान सोपविले आणि बाळंतपण व बालसंगोपन यांचे रूप पालटून टाकिले. ही सर्व कामगिरी वंदनीय आहे. तिचा एक अनपेक्षित परिणाम मात्र असा झाला की प्रजननाविषयी दवाखान्यात जावयाचे ते बाईने, ही समजूत अधिकच दृढ झाली. मूल होत नाही म्हणून सून सासूबरोबर तालुक्याला जाई, तिची तपासणी होई, गर्भाशयाची पिशवी साफ करण्याची क्रिया होई, पुन्हा वर्ष जाई. आणि तिचा नवरा या साऱ्या काळात बाहेर बाकावर बसलेला असे किंवा शेतावर पाणी धरीत असे.

पुरुषाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर बोलाविले ते सरकारने, आणि तेही नेमक्या उलट कारणासाठी. १९५२ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला, नसबंदीची शिबिरे भरू लागली, आणि १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत सक्तीच्या भीतीने खेडोपाडी पुरुष धास्तावले. जांघेजवळची कोणतीही शस्त्रक्रिया म्हणजे नसबंदी, असे समीकरण त्या काळात बसले. वास्तविक या दोन शस्त्रक्रिया परस्परविरुद्ध हेतूच्या आहेत: नसबंदीत वीर्यवाहिनी बांधतात आणि शिरांना हात लावीत नाहीत, व्हेरिकोसीलमध्ये फुगलेल्या शिरा बांधतात आणि वीर्यवाहिनी कटाक्षाने जपतात. एवढा भेद समजावून सांगितला, तरी अनेकांची भीती निम्म्याने कमी होईल.

निदानाची रीतही सामान्य माणसास कळावी इतकी सोपी आहे, म्हणून ती येथे सविस्तर देतो. रोग्याने उबदार खोलीत उभे राहावयाचे, कारण आडवे पडले की शिरा रिकाम्या होतात आणि विकार लपतो. डॉक्टर बोटांच्या चिमटीत वृषणाच्या वरची रज्जू धरून पाहतात, मग श्वास रोखून पोटावर जोर देण्यास सांगतात. जोर दिल्यावरच शिरा हाताला लागल्या तर पहिली श्रेणी, जोर न देताही लागल्या तर दुसरी, आणि नुसत्या डोळ्यांनी दिसल्या तर तिसरी. या तिसऱ्या श्रेणीत हाताला गांडुळांची पिशवी धरल्यासारखे लागते, हे वर्णन जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतात. अनेकांना त्रास असा काहीच नसतो. काहींना मात्र ऊसतोडणीच्या हंगामात दिवसभर उभे राहून मोळ्या वाहिल्यावर संध्याकाळी डाव्या बाजूला ओढ लागल्यासारखी जडता जाणवते आणि आडवे होताच ती उतरते. या तपासणीला यंत्र लागत नाही. जोडीला वीर्याची तपासणी, तीही काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा, एवढे केले की पुरुषाच्या बाजूचा प्राथमिक उलगडा पुष्कळसा होतो.

शस्त्रक्रियेनेही शंभर वर्षांत मोठा पल्ला गाठला आहे. ब्वेनोस आयरीसच्या इव्हानिसेविच यांनी १९१८ मध्ये जांघेतून शिरा बांधण्याची पद्धत मांडली, पालोमो यांनी १९४९ मध्ये ती अधिक उंचावरून करण्याची मांडली, आणि १९८५ नंतर अमेरिकेतील मार्मर व गोल्डस्टीन प्रभृतींनी सूक्ष्मदर्शकाखालील पद्धत रूढ केली. तिच्यात जांघेच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात, रज्जू बाहेर काढतात, आणि भिंगाखाली एकेक शीर निवडून बांधतात. रोहिणी आणि लसिकावाहिन्या जपावयाच्या असतात, कारण लसिकावाहिन्या बांधल्या गेल्यास पुढे अंडकोषात पाणी साचते. रोगी बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो, आणि काही आठवडे जड ओझे उचलण्याचे टाळतो. शुक्रजंतू तयार होण्यास अडीच महिन्यांच्या आसपास अवधी लागतो, म्हणून परिणाम पाहण्यासाठी निदान तीन महिने थांबावे लागते. पंधरवड्यात तपासणी करून निराश होणे व्यर्थ आहे.

या उपचाराच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, नाही तर नवसाच्या जागी शस्त्रक्रियेची अंधश्रद्धा येईल. सुमारे दोन तृतीयांश रोग्यांत वीर्याचे मान सुधारते. गर्भधारणा मात्र त्याहून कमी जोडप्यांत होते, कारण ती पत्नीचे वय, तिची प्रकृती आणि इतर अनेक गोष्टींवर अवलंबून असते. म्हणून विकार हाताला लागत असेल, वीर्यात दोष असेल, आणि जोडप्याला संततीची इच्छा असून पत्नीच्या बाजूने असाध्य अडचण नसेल, तरच शस्त्रक्रिया करावी, असा संकेत आहे. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या आणि हाताला न लागणाऱ्या शिरा बांधण्यात हशील नाही. पत्नीचे वय पुढे सरकले असेल, तर वाट पाहण्यापेक्षा कृत्रिम गर्भधारणेचा मार्ग श्रेयस्कर ठरतो. १९८६ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षा या टेस्ट-ट्यूब बालिकेचा जन्म झाल्यापासून तो मार्ग महाराष्ट्राला परिचित आहे, आणि १९९२ पासून एकेक शुक्रजंतू बीजात सोडण्याची पद्धतही उपलब्ध झाली आहे. तो मार्ग खर्चाचा आहे, आणि त्याचा शारीरिक भार जवळजवळ सर्वस्वी स्त्रीवर पडतो. ज्या ठिकाणी पतीवरील लहानशा शस्त्रक्रियेने काम भागण्याजोगे असते, तेथे तरी हा भार तिच्यावर प्रथम टाकू नये.

आज जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि शल्यचिकित्सक तालुक्याच्या गावीही भेटतो. ज्ञान दूर राहिले, ही सबब आता चालणार नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा जोडीने असते, ही गोष्ट सर्वमान्य आहे. असे असता स्त्रीच्या देहावर दुर्बीण, भूल आणि छेद यांचे प्रयोग झाल्यानंतर शेवटी पतीचे वीर्य तपासणे हा क्रम अन्यायाचा तर आहेच, पण निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीनेही तो उलटा आहे, कारण पतीची तपासणी सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी आणि सर्वांत निर्धोक आहे. ती पहिल्याच भेटीत व्हावी, डॉक्टरांनी ती मागावी, आणि पतीने ती स्वतः होऊन द्यावी. नवस बोलावयाचा असेल त्याने खुशाल बोलावा, दत्तक घ्यावयाचे असेल त्याने आनंदाने घ्यावे; ज्या प्रांतात मालोजीराजांसारखा सरदार आपले उणे घेऊन स्वतः पुढे गेला, त्या प्रांतातील पुरुषाने दवाखान्यात पत्नीच्या मागे न राहता तिच्या बरोबरीने उभे राहावे, इतकीच अपेक्षा आहे.